पाडव्याचं सौभद्र

पहाटे ५.१५

नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी पोचलो तेव्हा अंधारच होता. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं गाव. दिवाळीला अजून तीन आठवडे आहेत, पण रस्त्याच्या कडेला पोरांनी नरकासुराचा बांबूचा सांगाडा उभा करून ठेवलेला, अजून डोकं नसलेला. ओबी व्हॅन रात्री घाट उतरून आली होती. तिच्या जनरेटरची घरघर मला उजाडायच्या आत, सगळं शांत असताना ऐकायची होती. व्हॅन कुठे उभी करायची हे मी कानाने ठरवते. रंगमंचाच्या मागच्या भिंतीला लावली तर केबल वाचते, पण ती घरघर भिंतीतून आत उतरते आणि मग प्रत्येक पदाच्या खाली जाऊन बसते. चालकाला विनंती करून गाडी लांब, फणसाच्या झाडाखाली घ्यायला लावली. केबलचे दोन वेटोळे जास्त गेले. गेले तर गेले.

आज इथे ‘संगीत सौभद्र’ चित्रित व्हायचं आहे. गावच्या देवळाच्या उत्सवात वर्षानुवर्षं हे नाटक करणारी हौशी मंडळी, आणि त्यांचा हा प्रयोग पाडव्याच्या सकाळी एक वाहिनी दाखवणार. अडीच तासांची वेळ, जाहिराती वजा जाता हाती एक तास पन्नास मिनिटं. मी ध्वनिमुद्रक. सव्वीस वर्षं हेच काम करते आहे.

दिवाळीत सौभद्र दाखवायचं, ही कल्पना ऐकली तेव्हाच मी हो म्हटलं. मराठी संगीत रंगभूमीची सुरुवात ज्या प्रयोगापासून मोजतात, तो अण्णासाहेब किर्लोस्करांचा ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात झाला, आणि ते दिवस दिवाळीचेच होते. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आलं. फराळाच्या ताटासारखंच हे गाणंही आपल्याकडे सणाचं आहे.

सकाळी ६.३०

टेम्पोतून पायपेटी उतरली. हिला ऑर्गन म्हणा, पण इथले जुने लोक पायपेटीच म्हणतात. गोधडीत गुंडाळलेली, वर दोरीच्या गाठी. वाजवणारे काका बहात्तर वर्षांचे. गाठी त्यांनी स्वतः सोडल्या, कुणाला हात लावू दिला नाही. मागची फळी काढली तर आत एक छोटा दिव्याचा बल्ब लटकलेला. मी विचारलं, तर म्हणाले, पावसाळाभर तो घरी पेटीच्या पोटात जळत ठेवतात. गोव्याची हवा दमट, रीड पितळेची असली तरी तिच्या खालचं लाकूड फुगतं आणि मग एखादा स्वर अडकतो किंवा मागाहून येतो. त्या पिवळ्या उजेडाची ऊब पेटी कोरडी ठेवते.

एक माइक पेटीच्या मागे रीडच्या जवळ आणि एक वरून, असे दोन लावले. हेडफोन कानाला लावून म्हटलं, "काका, नुसतं पायडल मारा, वाजवू नका." डावं पायडल वर येताना कुरकुरत होतं. प्रेक्षागृहात बसलेल्याला ते कधी ऐकू येणार नाही, पण टीव्हीवर, शांत दिवाणखान्यात, नायिका आर्जवाने सूर लावते आहे आणि खाली कुणीतरी पाळणा हलवतंय, असं वाटलं असतं. मी पिशवीतून तेलाची बाटली काढली.

"तेल नाका बाय, मेण लाय," काका म्हणाले. तेलाने चामडं सैल होतं. त्यांनी खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढला, बिजागरीवर आणि चामड्याच्या पट्ट्यावर घासला, बोटाने चोळला, चार वेळा पाय मारला. आवाज गेला. तो तुकडा त्यांनी परत खिशात टाकला. म्हणजे हा उपाय त्यांना आजच सुचलेला नव्हता.

पेटीची जागा ठरवताना कॅमेरावाल्यांशी थोडी ओढाताण झाली. त्यांना साथीदार चौकटीच्या बाहेर हवे होते. मी म्हटलं, पेटी आणि तबला रंगमंचासमोर, नटाला मान न वळवता दिसतील असेच बसतील. बालगंधर्वांच्या कंपनीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष बसत. ते कुणाच्या मागे बसलेले लोक नव्हते. गाणारा आणि वाजवणारा एकमेकांकडे बघतात ते बघणं या नाटकाचाच भाग आहे. शेवटी चारपैकी एक कॅमेरा फक्त साथीदारांकडे राहील, असं ठरलं.

सकाळी ८.००

रंगपट. इथे माझा सगळ्यात जास्त वेळ जातो आणि गेलाच पाहिजे.

सामाजिक नाटकात माइक कॉलरमागे लपतो. पौराणिक नाटकात कॉलरच नसते. उघडी छाती, शेला, मोत्यांच्या माळा, मुकुट. माइक छातीवर लावला तर माळा त्यावर आपटतात, आणि गाताना मान खाली गेली की आवाज बदलतो. म्हणून मी तो कपाळावर, केसांच्या रेषेत लावते. तांदळाच्या दाण्याएवढा माइक, त्वचेच्या रंगाच्या पट्टीने चिकटवलेला. वायर केसांतून मागे मानेवर, तिथून पाठीवर, आणि ट्रान्समीटर कमरेला, काष्ट्याच्या आत, छोट्या कापडी पाकिटात. पाकिटाला आतून प्लास्टिक, कारण तीन तास दिव्यांखाली गाणाऱ्या माणसाला जो घाम येतो त्यात यंत्र बुडतं.

सुभद्रेचं काम करणारी मुलगी एरवी शाळेत शिकवते. तिच्या गळ्यात चार माळा होत्या. तिला डावीकडे वळ म्हटलं, तर हेडफोनमध्ये बांगड्यांचं दुकान वाजलं. कपडेपटाच्या मावशींनी सुई-दोरा घेतला आणि प्रत्येक माळ तीन-तीन ठिकाणी चोळीला टाचली. दोऱ्याचा रंग त्यांनी मला न विचारता चोळीशी जुळता घेतला. मुलगी पुन्हा वळली. आता फक्त तिचा श्वास ऐकू येत होता.

बलरामाचा मुकुट पत्र्याचा निघाला. माइक त्याच्या कडेखाली गेला की आवाज डब्यातून आल्यासारखा होई. मुकुट दोन बोटं मागे सरकवायला सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, कारण देवळाच्या उत्सवात तो मुकुट कसा बसवतात हे त्यांनी वडिलांकडून घेतलेलं. मी वायर कानामागून गालाच्या कडेला आणली, मुकुट होता तिथेच राहिला.

सकाळी ९.३०

वाहिनीचा निर्माता तरुण आहे, मनापासून काम करणारा. गेले दोन आठवडे आमच्यात एकाच मुद्द्यावर बोलणं चाललंय: पदं आधी स्टुडिओत मुद्रित करून इथे वाजवायची आणि नटांनी ओठ हलवायचे, की इथेच गायची. मुद्रण झालेलंही आहे, महिन्याभरापूर्वी, पणजीत. स्वच्छ आहे, सुरेल आहे. सिनेमात तसंच करतात आणि ते छान होतं. ‘कट्यार काळजात घुसली’ २०१५ च्या दिवाळीत चित्रपट होऊन आलं, सुबोध भावे पडद्यावर आणि गळा महेश काळेंचा, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तिथे मैफल होती, राजदरबार होता, कॅमेरा हवा तेव्हा डोळ्यांत जात होता. सिनेमाचं ते शास्त्रच वेगळं.

पण सौभद्रातलं पद म्हणजे बोलणं असतं. किर्लोस्करांनी साकी, दिंडी, लावणीच्या, कीर्तनाच्या, कानडी गाण्यांच्या चाली घेतल्या आणि त्यांत संवाद भरला. रुक्मिणी रुसते ते गाण्यात, कृष्ण तिची समजूत घालतो ते गाण्यात, आणि दोन ओळींच्या मधे तो थांबून तिच्याकडे बघतो ते किती वेळ, हे त्या दिवशीच्या रुक्मिणीवर ठरतं. महिन्याभरापूर्वी स्टुडिओत ठरलेला तो थांबा आज तिच्या चेहऱ्यावर कसा बसणार? मी एवढंच म्हणत राहिले.

"ताई, पण काही बिघडलं तर माझ्या हातात काही राहत नाही," तो म्हणाला. त्याचंही खरं आहे. उद्या दुपारी हे नाट्यगृह दुसऱ्या कार्यक्रमाला दिलेलं आहे. मग असं ठरलं की सगळं इथेच गायचं. एखादं पद दोनदा घेऊनही जमलं नाही, तर त्या एका पदापुरतं मुद्रण वाजवायचं. मी हात पुढे केला, त्याने मिळवला.

सकाळी ११.००

प्रेक्षकांशिवाय तालीम, आणि घटोत्कच झोपलेल्या सुभद्रेला अरण्यात आणून ठेवतो तो भाग कॅमेऱ्यासाठी वेगळा. त्यात धूर आहे. धूर सोडणाऱ्या यंत्राचा फुस्स आवाज प्रेक्षकांना चालतो, मला नाही. धूर आधी भरायचा, यंत्र बंद करायचं, मग दृश्य सुरू, असं तीनदा करून जमलं.

एक अडचण मात्र मुळातली आहे. अर्जुन आणि सुभद्रा जवळ आले की त्याचा आवाज तिच्याही माइकमध्ये जातो. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण एक फूट जातो. म्हणजे तोच स्वर दोन माइकमध्ये किंचित मागेपुढे पोचतो, आणि दोन्ही मिसळले की पोकळ होतो, नळीतून आल्यासारखा. उपाय हाताचा आहे. मिक्सरवर जो गातोय त्याच्या माइकची पट्टी वर, दुसऱ्याची खाली, आणि दुसऱ्याने श्वास घेतला की लगेच पुन्हा वर. त्यासाठी नाटक पाठ असावं लागतं. मी आठवडाभर संहिता घेऊन फिरते आहे. कोणत्या ओळीच्या आधी कोण श्वास घेतं याच्या पेन्सिलीच्या खुणा तिच्यावर आहेत, आणि आज सकाळच्या तालमीत त्यातल्या निम्म्या बदलल्या.

दुपारी १.१५

भात, मुगागाठी, सोलकढी. नारदाचं काम करणाऱ्यांनी सोलकढी घेतली नाही, आंबट घशाला बसतं म्हणून. मी बॅटऱ्या बदलल्या, सगळ्या, अर्ध्या भरलेल्यासुद्धा.

दुपारी २.३०

प्रेक्षक आत आले. दोन-सव्वादोनशे माणसं, बहुतेक याच गावातली आणि शेजारच्या वाड्यांवरची. बायकांनी नवी लुगडी, साड्या नेसलेल्या, जणू उत्सवच आहे. एकमेकांशी कोकणीत बोलणारी ही माणसं, पण रंगमंचावरची मराठी त्यांच्या कानाला घरची. पहिल्या रांगेतल्या आजींचे ओठ तिसऱ्या घंटेआधीच हलत होते.

पंखे बंद करायला लावले. ऑक्टोबरातली दुपार, आणि मी दोनशे माणसांना वारा नाकारते, हे करताना दरवेळी माझं मन खात राहतं. कुणी काही बोललं नाही. त्यांनी पदरांनी, कागदांनी वारा घ्यायला सुरुवात केली, तेही आवाज न करता.

दुपारी ३.००

तिसरी घंटा, नांदी.

नांदीला सगळे एकत्र गातात आणि ध्वनिमुद्रकाचा खरा कस तिथेच लागतो. बारा गळे, बारा माइक, आणि सगळ्या पट्ट्या वर. मी बहुतेक पट्ट्या खाली ठेवून छताजवळ टांगलेल्या दोन माइकांवर भिस्त ठेवली. नांदी जवळून ऐकायची नसते. देवळाच्या सभामंडपात ती जशी खांबांमधून येते तशी यावी. काकांनी पहिला सूर धरला, काळी एक, आणि तो धरून ठेवला. पायडलचा आवाज नाही. मी व्हॅनमध्ये एकटीच हसले.

मग नारद-अर्जुन, मग पुढचं सगळं. पहिली पन्नास मिनिटं माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, कारण सगळं बरोबर चाललं होतं.

दुपारी ३.५०

सुभद्रेचं पद झालं आणि मागच्या रांगांतून आलं: वन्स मोअर. मग मधून. मग सगळीकडून.

दिग्दर्शकाने व्हॅनमध्ये मला विचारलं, थांबवू का? संकलनात कापावं तर लागणारच, एक तास पन्नास मिनिटांत बसवायचंय. मी म्हटलं, थांबवू नकोस, टेप चालू आहे. तेवढ्यात काकांनी तिच्याकडे बघितलं, तिने किंचित मान हलवली, आणि काकांनी पुन्हा सूर दिला.

दुसऱ्यांदा गाताना तिने ते पद आधीसारखं गायलं नाही. पहिल्यांदा ती सुभद्रा होती, जिच्या मनाविरुद्ध दुर्योधनाशी लग्न ठरतंय. दुसऱ्यांदा तिच्या आवाजात शाळेतली बाईही थोडी मिसळली, आपल्या माणसांसमोर गाणारी. एका शब्दावर ती जास्त रेंगाळली, तबलेवाल्याने ते ओळखून तिहाई टाकली, आणि ती सम जिथे पडली तिथे प्रेक्षागृहातून जो आवाज आला तो टाळ्यांच्या आधीचा होता, दोनशे माणसांनी एकदम सोडलेला श्वास. तो माझ्याकडे आहे, छताच्या माइकवर.

अनेकांना वाटतं वन्स मोअरने नाटकाची गोष्ट तुटते. मला तसं वाटत नाही. गोष्ट कुणालाच नवी नसते. अर्जुन यतीच्या वेषात येणार, बलराम फसणार, कृष्ण हसणार, हे त्या आजींना माझ्या आजीच्या काळापासून माहीत आहे. माणसं गोष्टीसाठी येत नाहीत, आज ती कशी गाणार यासाठी येतात. वन्स मोअर हा त्या प्रश्नाला मिळालेला जबाब आहे, आणि टीव्हीवर तो ऐकू आला नाही तर घरी बसलेल्याला निम्मं नाटक मिळालं.

दुपारी ४.१०

फणसाखाली बसलेला जनरेटरवाला दारातून म्हणाला, "पावस येतलो." दोन मिनिटांत आला. परतीचा पाऊस, विजेसकट.

रंगमंचाच्या वरच्या भागाला पत्रे आहेत. माझ्या पडद्यावर प्रेक्षागृहातल्या शांततेची रेघ वीस डेसिबलने वर उडाली. बलराम बोलत होते, ते हेडफोनमध्ये धबधब्यामागे उभे असल्यासारखे. मी हात वर केला. दिग्दर्शकाने थांबवलं. पाऊस थांबेपर्यंत काही करता येणार नव्हतं, आणि सात तासांचं भाडं चाललेलं. निर्माता घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. त्याच्या जागी मी असते तर मीही घातल्या असत्या.

मी आत गेले. पंखे सुरू करायला सांगितले, निदान तेवढं तरी. कुणी उठलं नव्हतं. पहिल्या रांगेतल्या आजींनी माझा हात धरला आणि विचारलं, कुसुमावतीचं आणि सुभद्रेचं बोलणं कुठे गेलं? सखीशी ती मन मोकळं करते ते?

ते आम्ही कापलं होतं. कागदावर ते कापणं सोपं होतं, कारण त्या बोलण्यातून गोष्ट पुढे सरकत नाही. मी आजींना वेळेचं कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांचं समाधान झालं नाही, आणि मला ते दिसत होतं.

सुभद्रा विंगेत उभी राहून हे ऐकत होती. तिने कुसुमावतीला हाक मारली. दोघी रंगमंचाच्या पुढच्या कडेला, पाय खाली सोडून बसल्या. दिवे नव्हते, माइक मी बंद केलेले. त्यांनी तो प्रवेश म्हणायला सुरुवात केली. पावसात ऐकू येईना, तर माणसं खुर्च्यांवरून उठून पुढे आली, मुलं त्यांच्या पायांशी बसली, मागचे वाकून उभे राहिले. काकांनी पेटीवर नुसता सूर धरला, तोही पावसात अर्धा बुडालेला. मी माणसांच्या मधे उभी होते. माझ्या हातात काहीच यंत्र नव्हतं. सव्वीस वर्षांत मी किती संगीत नाटकं मुद्रित केली, आणि त्यांतला प्रेक्षकांत उभं राहून ऐकलेला हा बहुधा पहिला प्रवेश. त्याचं मुद्रण नाही.

संध्याकाळी ५.३५

पाऊस सरला, पत्रे ठिबकत राहिले. पुन्हा मुद्रण.

दमट हवा पेटीला बाधलीच. रुक्मिणी-कृष्णाच्या पदात वरचा एक स्वर अडकून बसला, सोडला तरी वाजत राहिला. पहिलं चित्रण गेलं. काकांनी मागची फळी काढली, पोस्टकार्डाचा कापलेला तुकडा रीडखाली सरकवला, हलकेच पुढेमागे केला, फुंकर मारली. बल्बची वायर प्लगाला लावून दहा मिनिटं तो आत पेटता ठेवला. सगळे वाट बघत होते आणि त्यांना कसलीही घाई नव्हती. दुसऱ्यांदा घेतलं ते असं उतरलं की कृष्ण मधे थांबला तेव्हा मीही श्वास धरला. मग छतावरून एक थेंब पडला, टप्, रंगमंचाच्या फळीवर, बरोबर त्या थांब्यात. रुक्मिणी हसली. तिने हसणं रुसव्यात मिसळून टाकलं आणि पुढे गायली.

संध्याकाळी ७.१५

अर्जुनाचा गळा बसला. यतीच्या वेषातलं त्याचं मोठं पद राहिलं होतं. पावसात तो गार हवेत दारात उभा राहिला होता, एवढंच कारण. पहिल्यांदा वरच्या षड्जावर आवाज फाटला. गरम पाणी, थोडी विश्रांती, दुसऱ्यांदा त्याआधीच फाटला. त्याने माझ्याकडे बघितलं. चाळिशीतला माणूस, सहकारी पतपेढीत काम करणारा, आणि डोळ्यांत पाणी. तो म्हणाला, "बाय, आनी एकदां?"

मला द्यायचं होतं. पण सकाळी मी हात मिळवला होता, आणि त्या गळ्याला तिसऱ्यांदा ओढणं मला बरं वाटेना. मुद्रण वाजवलं. त्याने ओठ हलवले, नेमके, एक शब्द चुकला नाही. काका हात मांडीवर ठेवून बसून राहिले. स्टुडिओतल्या मुद्रणात पेटी दुसऱ्या कुणाची आहे.

ते पद पाडव्याला स्वच्छ ऐकू येईल. कुणाला काही खटकणारही नाही बहुधा. पण त्या तीन मिनिटांत अर्जुनाच्या मानेची शीर हलत नाही, आणि मी मिक्सरसमोर असूनही माझ्या बोटांना काही काम नव्हतं. दोन्हीचं कारण एकच.

रात्री ९.००

आवराआवर. माळा टाचलेले दोरे मावशींनी एकेक करून कापले. बारा ट्रान्समीटर, बारा माइक, मोजून पेटीत. एका माइकवर कुंकू लागलेलं, ते मी पुसलं नाही.

पायपेटी पुन्हा गोधडीत गेली. काकांना नमस्कार केला, तर म्हणाले, "देव बरें करूं." मग विचारलं, टीव्हीवर पेटी ऐकू येणार ना, की नुसती दिसणार? मी सांगितलं, दोन माइक तुमचेच आहेत, काका. ते टेम्पोत पेटीच्या शेजारी बसले, पुढे चालकाजवळ जागा असून.

रात्री ११.४०

लॉजवर. फायलींच्या दोन प्रती, एक निर्मात्याकडे, एक माझ्या पिशवीत, आणि दोन्ही उघडून तपासल्याशिवाय झोपायचं नाही. हेडफोन लावून ठिकठिकाणी ऐकलं. वन्स मोअरआधीचा तो श्वास आहे. नांदी आहे. कृष्णाचा थांबा आणि त्यातला थेंबही आहे.

निर्मात्याचा निरोप आला होता, थेंब काढता येईल का. येईल, आजकाल दोन क्षणांचं काम आहे. पण थेंबाबरोबर पेटीच्या स्वराची शेपटी थोडी झडते आणि रुक्मिणी का हसली ते कळेनासं होतं. मी त्याला तसंच लिहिलं. मग उद्याच्या संकलकासाठी कागद भरला:

पद क्र. ४, दोन्ही वेळचं घ्यावं, वन्स मोअरसकट. मधल्या टाळ्या कमी करू नयेत.
पद क्र. ७, ०१:०७:२२ ला थेंब. ठेवावा.
पद क्र. ९, मुद्रण. त्या वेळी साथीदारांचा कॅमेरा वापरू नये, काका वाजवत नाहीत.